वातीचा फंडा

‘वात’ म्हटलं की आपल्या पिढीला आधी बॉस आठवतो. रोज सकाळी दहाच्या मीटिंगला तो जो आणतो, तो वात. पुल्लिंगी. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही. आजचा कॉलम स्त्रीलिंगी वातीवर आहे. समईतल्या, निरांजनातल्या, कंदिलातल्या आणि (जरा थांबा, सांगते) सिगरेट सोडायला निघालेल्या एका माणसाच्या हातातल्या यंत्रातल्या वातीवर.

आपला आणि वातीचा संबंध वर्षातून चार-पाच दिवसांचा. दिवाळी आली की सुपरमार्केटमधून रेडीमेड फुलवातींचं पाकीट येतं, पणत्यांत तेल पडतं, फोटो निघतात, स्टेटसवर चढतात. अर्ध्या तासात निम्म्या पणत्या विझलेल्या असतात. आपण वाऱ्याला दोष देतो, तेलाला देतो, ‘हल्ली क्वालिटीच राहिली नाही हो’ म्हणतो आणि पुन्हा काडी ओढतो. वातीकडे कुणी बघत नाही. ती जळायचीच वस्तू आहे, जळली, असा आपला हिशोब.

गोची इथेच आहे. चांगली वात जळत नाही, जळतं ते तेल. वातीला एकच काम असतं, तेल खालून उचलून ज्योतीपाशी पोचवायचं. मोटर नसलेला पंप म्हणा. तेल येत राहतं तोवर वात शाबूत असते, कारण वर आलेलं तेल वाफ होताना तिची उष्णता घेऊन जातं. गॅसवरचं पातेलं आत पाणी असेतोवर करपत नाही, पाणी आटलं की बघता बघता काळं होतं, तसंच हे. पुरवठा कमी पडला की वात स्वतःला जाळायला घेते. (ऑफिसमधल्या कुणाची आठवण झाली असेल तर निव्वळ योगायोग.)

मायकेल फॅरेडे नावाच्या थोर माणसानं १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. त्यात त्यानं ताटलीत मिठाचा एक खांब उभा केला आणि तळाशी निळं केलेलं मिठाचं पाणी ओतलं. पाणी आपलं आपण खांबावर चढत गेलं. शाळेत आपण याला ‘केशाकर्षण’ म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. बारीक फटी असल्या की द्रव त्यात ओढला जातो. कापसाच्या वातीत अशा हजारो फटी असतात. बस, एवढंच इंजिन.

पण मला हे फॅरेडेकडून कळलं नाही. मावशीकडून कळलं.

मावशी शिरपूर जैनला राहते. धुळ्याचं शिरपूर वेगळं, हे वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं. (मालेगावही नाशिकचं नव्हे. आमच्याकडे नावं रिपीट होतात.) अंतरिक्ष पार्श्वनाथाचं गाव. पद्मासनात बसलेली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून अंतरिक्ष. श्वेतांबर आणि दिगंबर यांच्या वादात हे मंदिर १९८१ पासून बंद होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानंतर उघडलं. म्हणजे माझा जन्म, शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं त्या कुलपाच्या काळात झालं.

मावशीच्या अंगणात देवकापसाचं झाड आहे. शेतातली कपाशी एका हंगामाची, देवकापूस वर्षानुवर्षं उभा. पूर्वी वाती आणि वस्त्रमाळांसाठी लोक तो दारातच लावायचे. आता गावाभोवती नजर जाईल तिथे सोयाबीन. पण हा सगळा मुलूख मूळचा कापसाचा. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. अमरावतीच्या नावावरून इकडच्या मालाला मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंत ‘ऊमरा’ म्हणायचे. कापसासाठी खामगावला खास रेल्वेचा फाटा काढला, १८७० साली तो सुरू करायला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. असा कापसाचा थाट. आज त्यातलं एक झाड मावशीच्या अंगणात उरलंय, ते वातींपुरतं.

तर मावशी. तीस वर्षं सरकारी नर्स होती, आता रिटायर. दुपारी जेवण झालं की ओसरीवर बसते, बोंडातली सरकी हातानं काढते, कापूस बोटांनी विंचरते आणि वाती वळते. आमच्याकडे बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ती वाती ‘वयते’. तिचा सिद्धान्त एका वाक्याचा आहे.

‘‘गच्च वयली का दोरी होते, सैल वयली का बोया होते. दोरीतून तेल चढत नाई, बोयात टिकत नाई.’’

बोया म्हणजे बोळा. या एका वाक्यात वातीचं अर्धं इंजिनिअरिंग आलं. पीळ जास्त बसला की तंतूंमधल्या फटी चेपतात, तेलाला वाटच उरत नाही. पीळ कमी पडला की फटी इतक्या मोठ्या होतात की तेलाला वर खेचण्याची ताकद राहत नाही, कारण जितकी बारीक फट, तितकं उंच केशाकर्षण. मधला नेमका पीळ बोटांनाच कळतो. कापूस विंचरायचा कशाला, तर सगळे तंतू एका दिशेनं, वातीच्या लांबीत बसावेत. आडवेतिडवे असले की तेल चुकलेल्या रिक्षासारखं गल्लीबोळांत फिरत बसतं.

उरलेलं अर्धं इंजिनिअरिंग अंतराचं. तेलाच्या पातळीपासून ज्योत जितकी लांब, तितका पुरवठा मंद. १९२१ साली वॉशबर्न नावाच्या शास्त्रज्ञानं याचं गणित मांडलं. द्रवाला दुप्पट अंतर जायला दुप्पट वेळ पुरत नाही, चौपट लागतो. समईतलं तेल खाली गेलं की ज्योत आधी बारीक होते आणि मग वात कोळसा होते, ती यामुळे. घरची म्हातारी माणसं तेल संपायच्या आत घालतात, ती नुसती सवय नव्हे.

आणि तिसरी गोष्ट तेलाची. एरंडेल हे शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलापेक्षा दहापटीहून जास्त दाट असतं. ते वातीतून रांगत चढतं. म्हणून नुसतं एरंडेल असेल तर वात आखूड आणि जरा सैल हवी. तुपाचं गणित आणखी वेगळं. तूप थंडीत गोठतं आणि गोठलेलं तूप कुठल्याच वातीतून चढत नाही. म्हणून तुपाला फुलवात. खाली पसरट बूड, वर छोटीशी शेंडी, सगळी आधीच तुपात भिजवलेली. ज्योत तिच्या बुडाशीच असते, आपलं तूप आपणच वितळवून घेते. तेलाला लांबवात आणि तुपाला फुलवात हा नियम कुणी लॅबमध्ये बसून केला नसेल, पण लॅबमध्ये काही वेगळं निघणार नाही.

आता तो यंत्रवाला माणूस.

माझा मावसभाऊ, म्हणजे मावशीचा मुलगा, इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर सिगरेट लागली, ती नोकरीत वाढली. दिवसाला पंधरा. इथे एक गोष्ट सांगायला हवी. काका, म्हणजे दादाचे बाबा, बिड्या ओढायचे. २०११ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. शेवटचे चार महिने मावशीनं घरीच काढले, नर्स आणि बायको अशा दोन्ही ड्युट्या एकदम. त्यानंतर दादाच्या सिगरेटचा विषय निघाला की ती काही बोलायची नाही, उठून आत जायची. त्या उठून जाण्याला दादा जास्त घाबरायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यानं सिगरेट सोडली आणि व्हेप धरला. साधा वापरून फेकायचा नव्हे. इंजिनिअर माणूस, त्यानं रिबिल्डेबल अॅटोमायझर घेतला, म्हणजे स्वतः खोलायचा, स्वतः भरायचा. आत काय असतं? बारीक तारेची पेन्सिलच्या टोकाएवढी स्प्रिंग, तिला कॉइल म्हणतात. त्या स्प्रिंगच्या पोटातून कापसाची वात ओवलेली. वातीच्या दोन शेपट्या खाली लिक्विडमध्ये. बटण दाबलं की बॅटरीनं तार तापते, वातीतलं लिक्विड वाफ होतं, ती वाफ ओढायची. आधीच्या यंत्रांत सिलिकाच्या धाग्याची वात असायची, मग लोक कापसावर आले. म्हणजे ज्योत काढून तिच्या जागी तापलेली तार बसवलेलं निरांजनच हे.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर होतो. शिरपूरला मावशी, पुण्याला मी, लेस्टरला दादा. दादाचा चेहरा उतरलेला. म्हणाला, ‘‘दोन दिवस झाले, प्रत्येक झुरक्याला करपल्याची चव येते. घसा जळतो. काही केल्या जात नाही.’’ याला त्या लोकांत ‘ड्राय हिट’ म्हणतात. तार तापली पण वात कोरडी, मग कापूसच जळतो.

आणि त्याच्यामागे टेबलावर सिगरेटचं पाकीट दिसत होतं. नवं. न फोडलेलं.

मावशीनं ते माझ्या आधी पाहिलं असणार. उठून आत गेली नाही. म्हणाली, ‘‘ते खोलून दाखव मले.’’

दादानं वरचं झाकण काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. मावशीनं चष्मा लावला. तिला यंत्र नवं होतं, वात नवी नव्हती.

‘‘कापूस किती कोंबला तू याच्यात! अन हे शेपट्या दुमडून कावून ठेवल्या? लिक्विड चढन कुठून?’’

दादानं चिमट्यानं वात ओढून पाहिली. अर्धवट आत-बाहेर अडकलेली, तिच्यासोबत स्प्रिंगच वाकायला लागली. कापूस कॉइलमधून ओढताना जरा अडायला हवा, पण तार जागची हलता कामा नये, असा त्या धंद्यातला सगळ्यांचा नियम आहे. मावशीचा दोरी आणि बोया, दुसरं काय.

मग तिनं विचारलं, कापूस कोणता? दादा म्हणाला, ‘‘तूच पाठवलेला. देवकापूस. नेहमीचा संपला होता, म्हटलं घरचा शुद्ध आहे, ऑरगॅनिक आहे.’’

मावशी हसायला लागली. मला काही कळेना. तिनं समोरचा कापसाचा पुंजका उचलला, तांब्यातल्या पाण्यात टाकला आणि फोन तांब्यावर धरला. कापूस वरच तरंगत राहिला. ‘‘पाय. कच्चा कापूस हाये हा. याले पाणी चढत नाई. दवाखान्यातला कापूस टाक, कसा बुडते ते पाय.’’

हे सगळ्यात भारी निघालं. झाडावरून काढलेल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अगदी पातळ थर असतो. झाडानं पावसापासून केलेली सोय. त्यामुळे कच्चा कापूस पाणी झिडकारतो आणि तेल मात्र पटकन पितो. समईला तो झकास, तेलाची आणि मेणाची दोस्ती असते. दवाखान्यातला कापूस सोड्यात उकळून, ते मेण काढून, ब्लीच करून बनवतात. त्याच्या दर्जाची चाचणीच अशी की पाण्यावर सोडला तर दहा सेकंदांच्या आत बुडायला हवा. मावशीनं तीस वर्षं दोन्ही कापूस वापरले, एक ड्युटीवर, एक देवघरात. तिला हे केमिस्ट्री न शिकता माहीत होतं.

आणि व्हेपमधलं लिक्विड तेल नसतंच. ते ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण असतं, आणि दोघांची सोयरीक पाण्याशी. म्हणजे दादानं पाण्याच्या जातीच्या द्रवाला तेलाची वात दिली होती. शिवाय लिक्विडही त्यानं जवळजवळ नुसत्या ग्लिसरीनचं घेतलेलं, वाफ जास्त होते म्हणून. ग्लिसरीन ग्लायकॉलच्या वीसपटीहून जास्त दाट असतं. त्यात इंग्लंडची थंडी. म्हणजे कापूस गच्च, शेपट्या दुमडलेल्या, मेण तसंच आणि वर काकवीसारखं लिक्विड. वात करपली नसती तरच नवल.

दुसऱ्या दिवशी दादानं तिकडच्या दुकानातून मेण काढलेला कापूस आणला. विंचरला, एका दिशेनं केला, कॉइलमध्ये जेमतेम अडेल इतकाच ओवला. शेपट्या तळाला नीट टेकतील इतक्याच ठेवून तिरप्या कापल्या, टोकं जरा मोकळी केली. आधी लिक्विडनं पूर्ण भिजवून पाच मिनिटं ठेवली. मिश्रणात ग्लायकॉलचं प्रमाण वाढवलं. आणि लागोपाठ झुरके ओढणं थांबवलं, कारण मोकळी झालेली वात पुन्हा भरायला काही सेकंद लागतात. रात्री मेसेज आला. ‘चव गेली. पाकीट कचऱ्यात.’

मी मावशीला फोन केला. वाटलं खूष असेल. ती म्हणाली, ‘‘वात सुधरली, ते ठीक. पण हे सुटन कधी?’’

प्रश्न बरोबर होता. या विषयावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ सांगते. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद आहे. सप्टेंबरमध्ये अध्यादेश, डिसेंबरमध्ये कायदा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे पानटपरीवाल्याकडे ‘फॉरेनचा माल’ म्हणून मिळतो, त्यात काय भरलंय हे बघायला कुणी बसलेलं नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलमध्ये दाखल किंवा मृत, त्यातले मृत्यू ६८. मुख्य संशय ठरला तो ‘ई’ जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगावर, ते बहुतेक गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेलं होतं. तेल समईत शोभतं, फुप्फुसात नाही.

इंग्लंडचा मार्ग वेगळा. तिथल्या सरकारनं २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगरेट सोडण्यासाठी व्हेपचे किट देण्याची योजना जाहीर केली, आणि जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदीही घातली, पोरांना त्याची चटक लागायला लागली म्हणून. कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात निकोटिनचा व्हेप हा गम किंवा पॅचपेक्षा जास्त लोकांची सिगरेट सोडवतो असं निघालं. म्हणजे ज्याची सिगरेट सुटत नाही त्याच्यासाठी तो कमी वाईट. ज्यानं कधी सिगरेट ओढलीच नाही, त्याच्यासाठी नुसताच वाईट. निकोटिनची सवय दोन्हीकडे तीच.

वातीचा यात किती हात आहे, हेही बघा. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक पत्र आलं, की जास्त व्होल्टेजवर व्हेपच्या वाफेत फॉर्माल्डिहाइड सापडतं. सगळीकडे हेडलाइन झाली. त्याच वर्षी ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ फार्सालिनोस यांनी दाखवलं की फॉर्माल्डिहाइड भरमसाट वाढतं ते मुख्यतः वात कोरडी पडल्यावर, आणि त्या वेळी चव इतकी घाण असते की माणूस स्वतःहून थांबतो. म्हणजे करपल्याची चव हा अलार्म आहे. वात सुधारली की अलार्म वाजत नाही आणि ते विषही कमी होतं, दोन्ही खरं. निकोटिनला मात्र कुठलाच अलार्म नाही. चांगल्या वातीतून ते आणखी गुळगुळीत येतं.

हे मी मावशीला सगळं वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग दादाला कॉलवर घेतलं आणि विचारलं, निकोटिन किती हाये? तो म्हणाला, एका मिलिलीटरला बारा मिलिग्रॅम. ‘‘यापेक्षा कमी भेटते का?’’ मिळतं. सहाचं, तीनचं, शून्याचं.

आमच्या आजोळी ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील होता. कऱ्हाडजवळच्या ओगले बंधूंच्या कारखान्यातला, जुन्या मराठी घरांत हमखास दिसणारा. त्याला बाजूला एक चक्री असते, वात वर-खाली करायला. मावशी लहानपणी रोज रात्री तो कंदील बंद करायची. तिनं दादाला एवढंच सांगितलं, ‘‘कंदील एकदम फुकत नाईत बाबू, काच काळी होते. पहिले वात खाली घ्या लागते. थोडी. मंग अजून थोडी. मंग फुकर.’’

नर्स म्हणून तिला निकोटिन टप्प्याटप्प्यानं कमी करतात हे माहीत असणारच. पण बारावरून सहावर या, असं सांगण्यापेक्षा तिनं चक्री सांगितली. दादा डिसेंबरात सहावर आला. मार्चमध्ये एकदा परत बारावर गेला, प्रोजेक्टची डेडलाइन होती. मावशी त्याला रागावली नाही, चक्री उलटी पण फिरते म्हणाली. आता तो तीनवर आहे. शून्य अजून बाकी आहे.

तुम्हाला सोडायची असेल, तर इंग्लंडला जायची गरज नाही. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६ हा टोल-फ्री नंबर आहे. निकोटिनचा गम केमिस्टकडे मिळतो, पण डॉक्टरांना विचारून किती आणि किती दिवस ते ठरवा. पानटपरीवरच्या ‘फॉरेन’ व्हेपच्या नादी लागू नका.

आणि ज्यांना फक्त दिवाळीची पणती टिकवायची आहे, त्यांच्यासाठी मावशीच्या टिप्स. माझ्या फ्लॅटवर टेस्ट करून झाल्यात.

टिकाऊ वातीसाठी

* समई-पणतीला शक्यतो कच्चा, विंचरलेला कापूस. कुठला आहे हे कळत नसेल तर पुंजका पाण्यात टाका. तरंगला तर तेलाच्या वातीला फर्स्ट क्लास.

* वात कोरडी हवी. दमट वात तडतडते, कारण आत अडकलेलं पाणी तापून फुटतं. पावसाळ्यात पाकीट डब्यात ठेवा.

* पीळ बेताचा. चिमटीत दाबल्यावर जरा दबली पाहिजे.

* लावण्याआधी वात तेलात पूर्ण भिजवा, टोकासकट. कोरडं टोक पेटवलं की तेल पोचायच्या आत कोळसा तयार.

* टोक पणतीच्या काठाबाहेर थोडंसंच. जास्त काढलं की ज्योत मोठी होते, हवा पुरत नाही आणि काजळी धरते. काजळी चढली की चिमट्यानं झाडा, ती फटी बुजवते. मेणबत्तीची विणलेली वात वाकून आपलं टोक आपणच जाळून टाकते, ही युक्ती १८२५ मध्ये फ्रान्समध्ये निघाली. पणतीच्या वातीला ती सोय नाही, तिथे चिमटाच.

* तेल निम्म्यावर यायच्या आत घाला. अंतर दुप्पट, वेळ चौपट, लक्षात आहे ना?

* एरंडेल असेल तर त्यात तिळाचं तेल मिसळा. तुपाला फुलवातच.

* वारा असेल तर काच लावा. कित्येक जैन मंदिरांत दिवा काचेच्या आत ठेवतात, ज्योतीत किडा-पाखरू पडून मरू नये म्हणून. जिवांचीही सोय आणि ज्योतीचीही.

एक शेवटचं. दादाच्या पुढच्या पार्सलमध्ये मावशीनं देवकापूस पाठवलाय, वर चिठ्ठी चिकटवलीय. ‘फक्त देवासाठी.’